पेटीत जपून ठेवलेलं कार्ड

दाराला कुलूप दिसलं म्हणून त्या घरात गरोदर बाई नाही, असं तुम्ही लिहून द्याल का?

मी लिहून दिलं आहे. एका हिवाळ्यात जवळपास रोज. आई आणि मूल यांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेनं मला केज तालुक्यातली काही गावं दिली होती. पावसाळा सरताना गरोदर बायकांच्या बैठका घ्यायच्या, त्यांना माहिती सांगायची, आणि डिसेंबरपासून टॅब घेऊन घरोघर प्रश्न विचारायचे, असं काम होतं. प्रत्येक घराच्या पहिल्या पानावर तीन चौकोन असायचे: मुलाखत झाली, नकार दिला, घर बंद. वेगवेगळ्या दिवशी तीन वेळा जाऊनही कुलूप दिसलं की तिसरा चौकोन दाबायचा. मग टॅब यादीतलं पुढचं घर द्यायचा. त्याला आम्ही ‘बदली घर’ म्हणायचो. कुलपामागची माणसं तिथंच बाद व्हायची.

हे काम बीड जिल्ह्यात चाललं होतं, हे लक्षात घ्या. दसऱ्यानंतर इथली गावं ट्रॅक्टरमध्ये बसून ऊसतोडीला निघून जातात आणि उन्हाळा तापायला लागला की परत येतात. आणि आम्ही डिसेंबरात दारं वाजवत होतो. सातव्या-आठव्या महिन्यात डोक्यावर उसाची मोळी घेऊन गाडीवर चढणारी बाई, जिच्याबद्दल खरं तर हा अभ्यास व्हायला हवा होता, तिच्यासाठी आमच्याकडे एकच उत्तर होतं: घर बंद. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी मी चौकोन दाबत राहिले.

गावाचं नाव लिहीत नाही. युसूफ वडगावच्या बाजाराला ज्या गावांतली माणसं जातात, त्यातलं एक समजा.

मी वाढले पत्रकांवर. माझे बाबा केजला एका छापखान्यात होते. आधी शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवायचे, नंतर मशीन चालवायला लागले. खराब निघालेली पत्रकं ते घरी आणायचे. एका बाजूला मोर्चा, जयंती, सभा, दुकानाचं उद्घाटन. दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले, निबंध लिहिले, आणि पान उलटून उलटून वाचायला शिकले. ‘जाब विचारा’ हे शब्द मला ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या आधी वाचता येत होते, असं बाबा लोकांना कौतुकानं सांगायचे. चळवळीची पत्रकं छापून झाली की ते स्वतःच बस स्टँडवर वाटायला जायचे. मला बरोबर न्यायचे. माझ्याकडचा गठ्ठा संपला की मी म्हणायचे, ‘चला बाबा, झालं.’ ते म्हणायचे, ‘थांब. पत्रक देऊन पळायचं नसतं. माणूस त्याचं काय करतो ते बघायचं. वाचतो, का चुरगाळतो, का त्यात भजी गुंडाळतो. त्याच्यावरून पुढलं पत्रक लिहायचं.’

मला कंटाळा यायचा. मी बघायचे नाही. बसच्या खिडक्या मोजायचे.

बाबा गेले त्याला आता काही वर्षं झाली. आई तर मला आठवतच नाही. मी केजमध्येच एक खोली घेऊन राहते. संस्थेच्या माहितीपत्रकांची भाषा मला कधीच आवडली नव्हती. ‘प्रसूतिपूर्व काळात घ्यावयाची दक्षता’ असली वाक्यं. मी आमच्या सरांना म्हटलं, ‘हे आमच्या बायका वाचणार नाहीत. मी लिहिते.’ सर म्हणाले, ‘लिही.’ ते पुण्यात बसायचे आणि चांगल्या गोष्टींना लगेच हो म्हणायचे. मी लिहिलं. गुलाबी कागदावर छापून घेतलं. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत टाकलं: ‘तुमचं माता-बाल कार्ड हा तुमचा पुरावा आहे. ते सोन्यासारखं जपा.’

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गरोदर बाईची नोंद झाली की सिस्टर तिला एक कार्ड देतात. वजन, रक्तदाब, रक्तगट, सोनोग्राफी, आधीचं बाळंतपण कसं झालं, पुढं बाळाच्या लसी, सगळं त्यात लिहीत जातात. ते कार्ड हातात असलं की कुठल्याही दवाखान्यात बाईला पहिल्यापासून सगळं सांगावं लागत नाही.

सप्टेंबरमध्ये अंगणवाडीच्या खोलीत बैठक झाली. पंधरा-वीस बायका होत्या. त्यात एक होती माझ्याच वयाची, सडपातळ, बोलताना दातांत पदराचं टोक धरायची. पहिली मुलगी तीन वर्षांची, ती तिच्या मांडीवर झोपलेली. पहिल्या वेळी सिझर झालं होतं. आता पाचवा महिना होता आणि रक्तदाब वर चाललेला, म्हणून सिस्टरनं तिच्या कार्डावर लाल पेनानं मोठा गोल काढला होता. तो गोल बघून ती हसत म्हणाली, ‘मास्तर गनित चुकल्यावर काढतेत, तसा काढलाय.’

मी पत्रक वाचून दाखवलं. सोन्यासारखं जपा, या वाक्यावर एक बाई मागून ओरडली, ‘सोनं हाय कुटं, मॅडम? असतं तर ऊस कावून तोडला असता?’

सगळ्या हसल्या. मीही हसले. मला बायका हसल्या की वाटायचं, बैठक जमली.

मग तिनं विचारलं, लाल गोलवालीनं. ‘पर ताई, खरंच, हे ठिवायचं कुटं? आमच्याकडं लेकरं हायती. फाडतेत.’

मी तिला उलटा प्रश्न केला. ‘समज, सोनं असतं तर कुठं ठेवलं असतंस?’

‘पेटीत. अन् पेटीला कुलूप.’

‘मग तिथंच.’

पुन्हा हशा झाला. तिनं मान डोलावली, कार्ड गुलाबी पत्रकात ठेवून घडी घातली आणि झंपरात खोचलं. मी पुढच्या मुद्द्यावर गेले. लोहाच्या गोळ्या. त्या दिवशी मी चार वाजताच्या गाडीनं केजला परत आले आणि सरांना फोनवर सांगितलं की बैठक फारच छान झाली.

दसरा झाला आणि पंधरा दिवसांत गाव रिकामं झालं. हे मी लहानपणापासून ऐकत होते. आमच्या नात्यातही लोक जातात. पण केजसारख्या बाजाराच्या गावात राहणाऱ्याला ते कळत नाही. तिथं दुकानं उघडीच असतात. डिसेंबरात त्या गावात शिरले तेव्हा कळलं. आवाज नव्हता. गिरणीही दिवसाआड एकच तास चालायची. गल्लीत एकामागून एक कुलपं. काही कुलपांवर पाणी जाऊ नये म्हणून दुधाच्या पिशव्या बांधलेल्या. दारासमोर तुळस वाळलेली, दोरीवर विसरलेला एखादा लहान सदरा. मी दार वाजवायचे. बंद आहे हे दिसत असतानाही वाजवावं लागायचं, तसा नियम होता. बंद दारावर थाप मारली की आतल्या रिकाम्या भांड्यांपर्यंत ती जाते, हे मला तिथं समजलं. दिवसभरात मी माणसांपेक्षा जास्त वेळा लाकडाशी बोलायचे.

त्या ओळीत एकच दार उघडं असायचं. तिथं एक म्हातारी राहायची, गुडघ्यांमुळं तोडणीला जायची सुटलेली. लाल गोलवालीची ती चुलत सासू. जाणारी सगळी घरं तिच्याकडे किल्ल्या देऊन जायची. तिनं त्या एका नाडीत ओवून कमरेला बांधल्या होत्या. उठली-बसली की वाजायच्या. आणि कुठली किल्ली कुणाची हे ती हातानं चाचपून सांगायची.

पहिल्याच दिवशी तिनं मला ओट्यावरून हाक मारली. ‘ए मॅडम, कुलपं मोजायला धाडलंय का तुला सरकारनं?’

‘सरकार नाही आजी, संस्था.’

‘तेच ते. मोज मोज. एक बी चोरीला गेलं न्हाई म्हनून सांग त्यास्नी.’

तिच्या ओट्यावर मी डबा खायला लागले. ती माझ्या डब्यातली भाजी चाखून तोंड वाकडं करायची. ‘मीठ न्हाई, तिखट न्हाई. एकटीसाठी करतीस वाटतं.’ मी म्हटलं, हो. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यासाठी शेंगदाण्याचा खर्डा ठेवला होता. त्या हिवाळ्यात माझ्याशी कामाशिवाय बोललेलं माणूस म्हणजे तीच.

लाल गोलवालीचं घर माझ्या यादीत होतं. मी तीनदा गेले. तिसऱ्या वेळी टॅब हातात धरून त्या दारासमोर बराच वेळ उभी राहिले. मला माहीत होतं, या घरात एक बाई आहे, तिचा आठवा लागलाय, तिचा रक्तदाब वर आहे आणि ती आत्ता दोन जिल्हे पलीकडे उसाच्या फडात आहे. पण हे लिहायला टॅबमध्ये जागा नव्हती. मी सरांना फोन केला.

‘सर, मला ती बाई माहीत आहे. मी फोनवर तिची मुलाखत घेऊ का?’

‘अगं, नाही. घरी भेटलेल्यांचीच घ्यायची. पद्धत मध्येच बदलली तर आकडे जुळत नाहीत.’

‘पण सर, मग आपण मोजतोय कुणाला?’

‘तुझा मुद्दा बरोबर आहे,’ सर म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर चांगला होता. ‘अहवालात मर्यादा म्हणून एक वाक्य टाकू.’

मी चौकोन दाबला. बदली घर मिळालं ते गावातल्या एका मास्तरांचं. त्यांची सूनही गरोदर होती. सगळ्या तपासण्या झालेल्या, कार्ड प्लास्टिकच्या कव्हरात, पोह्यांची बशी माझ्यापुढं. तिनं प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हटलं. तिचा काहीच दोष नव्हता. पण एका बाईच्या जागी दुसरी बाई बसवली गेली, आणि ती बसवताना माझं बोट होतं.

जानेवारीत, संक्रांत होऊन गेल्यावर, मी म्हातारीच्या ओट्यावर डबा उघडत होते. उन्हं डोक्यावर आली होती. तिचा लहान फोन वाजला. तो ती नेहमी कानापासून वीतभर लांब धरायची, म्हणून पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. लाल गोलवालीचा नवरा होता.

‘काकू, हिला झटके आलेत. सकाळी फडातच पडली. दवाखान्यात आनलंय. हितं कार्ड मागायलेत.’

‘कसलं कारड?’

‘ते गुलाबी कागदात व्हतं बघ. तपासनीचं. डॉक्टर म्हनतेत, नोंद कुटं हाय, रक्त कोन्तं, आधी काय झालंय. मला काय सांगता येईना. ही सुदीवर न्हाई.’

म्हातारीनं फोन माझ्या हातात दिला. ‘तू बोल. तुला कळतंय.’

मी त्याला म्हटलं, पहिलं सिझर झालंय म्हणून सांगा, रक्तदाब वाढलेला होता म्हणून सांगा. रक्तगट मला आठवत नव्हता. तो म्हणाला, ‘सांगितलं ताई. ते म्हनतेत कागद दाखवा. न्हाईतर मोठ्या दवाखान्यात न्या.’ कार्डाचे फोटो पाठवावेत तर त्याचा फोन साधा होता. ऊसतोडीच्या टोळीतल्या एकाकडे मोठा फोन आहे आणि तो बरोबर आलाय, एवढं त्यानं सांगितलं. मी तो नंबर डब्याच्या झाकणावर खिळ्यानं कोरून घेतला, कारण पेन सापडेना आणि घाईत स्वतःचा फोन सुचलाच नाही.

म्हातारीनं नाडीतली किल्ली चाचपून काढली. दार उघडलं. तीन महिन्यांचा कोंडलेला वास बाहेर आला. पेटी कोपऱ्यात होती, निळ्या रंगाची, पत्र्याची. तिला पितळी कुलूप होतं.

‘हिची किल्ली?’ मी विचारलं.

म्हातारी म्हणाली, ‘ती तिच्याकडंच. गळ्यात, काळ्या दोऱ्यात.’

म्हणजे कार्ड इथं होतं. कुलूप इथं होतं. आणि किल्ली दोन जिल्हे पलीकडे, शुद्ध हरपलेल्या बाईच्या गळ्यात.

‘आजी, तोडावं लागेल.’

‘दुसऱ्याच्या पेटीचं कुलूप?’ तिनं पेटीवर हात ठेवला. ‘पोरी, हितं सगळ्या गल्लीच्या किल्ल्या माझ्याकडं हायती. आजवर कुनाच्या पेटीला बोट लावलं न्हाई म्हनून हायती.’

‘तिला झटके येतायत आजी.’

ती उठली, चुलीजवळचा वरवंटा आणून माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी मारत राहिले. किती वेळा, माहीत नाही. कुलूप तुटलं नाही, कडीच वाकून निघाली.

आत वर दोन लुगडी, मुलीची झबली, रेशन कार्ड, बँकेचं पुस्तक, जमिनीचा एक जुना कागद. आणि अगदी तळाशी, खताच्या पिशवीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, सुतळीनं बांधून ठेवलेलं माझं पत्रक. त्याच्या आत कार्ड. इतकं जपलेलं की घडीवर सुरकुतीही नव्हती. उलगडलं तेव्हा आधी माझीच ओळ दिसली. सोन्यासारखं जपा.

म्हातारी भिंतीकडे बघतच म्हणाली, ‘जाताना मी म्हनलं व्हतं तिला, ते बी ने. ती म्हनली, न्हाई काकू, कोपीत काय ऱ्हातंय? मागल्या साली पाचटाची कोपी जळाली, त्यात आधार कार्डं जळाली. मॅडम म्हनल्यात, पेटीत ठिव.’

ऊसतोड्यांच्या कोपीला दार नसतं, पेटी तर दूरच. पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या, त्या झोपडीत जे नेलं ते भिजतं, जळतं किंवा उंदीर खातात. म्हणून जे मोलाचं ते गावी ठेवून जायचं, ही इथली रीत. मी या जिल्ह्यात जन्मले, ही रीत मला माहीत होती. बैठकीत हशा पिकवताना ती मला आठवली नाही.

मी अंगणात उन्हात येऊन कार्डाच्या पानापानाचे फोटो काढले. रेंज यायला मारुतीच्या पारापर्यंत पळावं लागलं. फोटो गेले. तिकडून दोन खुणा निळ्या झाल्या. मग त्या फोनवरून त्या माणसानंच सांगितलं, ‘मॅडम, तिला मोठ्या दवाखान्यात काढलंय. आमी अंबुलन्सच्या मागं हाव. तितं दाखवतो.’

मी पारावर बसून राहिले. गावच्या आशाताई त्या दिवशी लसीकरणासाठी दुसऱ्या वस्तीवर होत्या. त्यांना फोन लावून सांगितलं. सरांना लावला, लागला नाही. मग कुणालाच लावण्यासारखं उरलं नाही. गल्लीतल्या कुलपांवरच्या पिशव्या वाऱ्यानं फडफडत होत्या. शेवटची गाडी निघायच्या आत म्हातारीनं मला जवळजवळ ढकलूनच स्टँडकडे धाडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या ओट्याशी पोहोचले तेव्हा ती चुलीपुढं नव्हती. ओट्यावर बसली होती, किल्ल्यांची नाडी हातात घेऊन. मला बघून तिनं दोनच गोष्टी सांगितल्या. ‘बाई हाय. लेकरू गेलं.’

मुलगा होता का मुलगी, हे मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

कार्ड वेळेवर हातात असतं तर बाळ वाचलं असतं का? मला माहीत नाही. मी डॉक्टर नाही. ज्या बाईच्या कार्डावर लाल गोल आहे, तिला मोळ्या उचलायला जावंच लागतं, ही मूळ गोष्ट कुठल्याही कार्डानं सुटत नाही. नोंद नाही म्हणून बेशुद्ध बाईला पुढं धाडणाऱ्यांनाही मी माफ करत नाही. पण या सगळ्यांच्या नावानं आग पाखडणारी पत्रकं मी बाबांच्या चळवळीसाठी पूर्वीही लिहिली होती, झोपेतही लिहू शकते. त्या दिवशी पहिल्यांदा मला असं पत्रक सापडलं होतं, जे कुणी तरी शब्दन् शब्द मानलं होतं. आणि ते माझंच होतं.

मी सरांना सांगितलं. सगळं सांगितलं, माझं वाक्यसुद्धा. ते म्हणाले, ‘तू स्वतःला त्रास करून घेऊ नकोस.’

‘सर, हा मृत्यू आपल्या अभ्यासात नोंदवायचाय.’

‘पण ते घर बदली झालंय ना?’

‘हो. मीच केलंय.’

‘मग त्यांची नोंद नाही धरता येणार. तिकडच्या जिल्ह्यात होईल ना नोंद.’

तिकडच्या जिल्ह्यात मी आठवडाभर फोन करत होते. तिकडे म्हणाले, बाई बाहेरची आहे, तिच्या गावाकडे विचारा. म्हणजे ते बाळ इथलं नव्हतं आणि तिथलंही नव्हतं. मी एक वही केली. तिच्यावर ‘घर बंद’ असं लिहिलं आणि ज्या ज्या दारांवर मी तो चौकोन दाबला होता, ती सगळी म्हातारीच्या ओट्यावर बसून पुन्हा लिहून काढली. कोण गेलंय, कुणाला दिवस आहेत, कुणाचं कार्ड पेटीत आहे. म्हातारी किल्ली चाचपायची आणि सांगायची. जवळजवळ सगळी कार्डं पेटीतच होती. माझं पत्रक घरोघर पोचलं होतं.

ती वही मी सरांना पाठवली. त्यांनी ‘मौल्यवान’ असं लिहून परत पाठवली. मी काम सोडलं नाही. सोडलं असतं तर बदली माणूस आला असता.

एप्रिलमध्ये लोक परतले. गल्लीत आवाज आला, मला तो सोसवेना. चार दिवस मी त्या गावाला गेलेच नाही. पाचव्या दिवशी गेले. लाल गोलवाली दारात बसून मुलीची वेणी घालत होती. आणखी वाळली होती. मला बघून तिनं पदराचं टोक दातांत धरलं, मग सोडलं.

‘बसा, ताई.’

बसले. बोलायचं म्हणून पाठ करून आणलेलं होतं. पण आधी तीच म्हणाली, ‘पेटीची कडी कोन तोडली?’

‘मी.’

‘काकू म्हनली.’ तिनं वेणीची रिबीन आवळली. ‘मी चिडले व्हते तिच्यावर. म्हनलं, पेटी फोडू कशी दिली? मंग ह्यांनी सांगितलं, कारडासाठी फोडली.’

‘माझं चुकलं. पेटीत ठेव असं मी सांगायला नको होतं.’

‘तुमीच म्हनला व्हता,’ ती म्हणाली. रागानं नाही. एखाद्याला त्याच्या नावाची आठवण करून द्यावी, तसं. ‘मी तुमचं ऐकलं. बाकीचं कुनी ऐकत न्हाई तुमचं, असं सिस्टर म्हनायच्या. मी ऐकलं.’

मुलगी उठून पळाली. तिनं चहा विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं. निघताना तिनं आतून कार्ड आणलं आणि माझ्या हातात दिलं. ‘हे तुमी घेऊन जावा. पुढच्या बैठकीत दाखवा बायास्नी. म्हनावं, बरूबर ठिवा. अंगावर ठिवा. झंपरात न्हाईतर पिशवीत, पर अंगावर.’

ते कार्ड माझ्याकडे आहे. लाल गोलाच्या खालची पानं कोरी आहेत. बाळाचं वजन, पहिली लस, दुसरी लस, सगळे रकाने रिकामे. केजच्या खोलीत टेबलावर ते उघडं ठेवलेलं असतं. नवं पत्रक लिहिताना मी ते समोर धरते. आता पत्रक दिलं की मी थांबते. बाई त्याचं काय करते, कुठं ठेवते, कुणाला दाखवते, ते बघते. शेवटची गाडी चुकली तर म्हातारीकडे राहते. बाबांना हे सांगायला हवं होतं. सांगायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

आणि तुमच्याकडे एक काम मागते आहे. तुम्ही बीडचे असाल तर या दसऱ्याआधी तुमच्या गल्लीतून निघणाऱ्या एका तरी गरोदर बाईला विचारा, कार्ड कुठंय? पेटीत असेल तर तिच्यासमोर बाहेर काढायला लावा, प्लास्टिकमध्ये घालून तिच्या अंगावरच्या पिशवीत ठेवायला लावा, आणि पानापानाचा फोटो टोळीतल्या मोठ्या फोनवर टाकून द्या. तुम्ही उसाच्या मुलखातले असाल तर तुमच्या गावाबाहेर पाचटाच्या कोपी पडतील तेव्हा एक संध्याकाळ तिकडं जा. विचारा, इथं कुणाला दिवस आहेत का? असतील तर तिला तुमच्या उपकेंद्रात घेऊन जा आणि सिस्टरनं तिचं नाव तिथल्या वहीत लिहीपर्यंत तिथून हलू नका. तिच्या गावात तिच्या दाराला कुलूप आहे. ती तुमच्याच शिवारात आहे.